शिंकासुराची राहिलेली शिंक

मित्रांनो, मी एक जुना ठसा आहे. छापखान्यातले लोक मला ब्लॉक म्हणत. तुमच्या तळहाताएवढा जस्ताचा पत्रा आणि त्याखाली सागवानी ठोकळा, एवढाच माझा देह. पत्र्यावर एक तोंड आहे. डोळे घट्ट मिटलेले, जबडा वासलेला, एक मिशी वर, एक खाली आणि गालावर टपोरा तीळ. हे तोंड खलनायकाचे आहे. आधीच सांगून टाकलेले बरे, मागाहून तुम्ही मला लबाड म्हणायला नको.

माझे नाव शिंकासुर. आज ते कोणाला ठाऊक नसेल, पण एके काळी पुसदच्या शाळांमधली पोरे माझे नाव घेतल्याशिवाय डबा उघडत नसत. जरा फुशारकी वाटेल, पण खलनायकाने फुशारकी मारायची नाही तर कोणी मारायची?

माझा जन्म १९८१ सालचा. पुसदमध्ये एक लहानसा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि जाहिराती छापून उरलेल्या वेळात तिथे ‘चिंचोका’ नावाचे मुलांचे पाक्षिक निघे. त्यात गोष्टी लिहायचा मारोती. दिवसभर तो अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचा आणि दुपारच्या सुटीत रद्दी कागदांच्या पाठीवर चित्रे काढायचा. त्याच्या शेजारी पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर भावसिंग उभा असे. भावसिंग पुसदजवळच्या बंजारा तांड्यावरचा. आधी तो कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. तिथली रुई त्याच्या नाकात जी बसली ती कायमचीच. कोणी नवी गादी झटकली तरी याला शिंका यायच्या, आणि शिंक यायच्या आधी त्याचे तोंड असे काही व्हायचे की बघणाऱ्याने हातातले काम टाकून बघत राहावे.

एकदा असाच तो शिंकेच्या काठावर उभा असताना मारोतीने झरझर त्याचे चित्र काढले. “भावसिंग, हलू नको बे,” तो ओरडला. भावसिंग शिंक अडवून, डोळे मिटून तसाच उभा राहिला. ते चित्र नागपूरला ब्लॉक करणाऱ्याकडे गेले आणि तेजाबात न्हाऊन मी जन्माला आलो.

माझी गोष्ट अशी होती. शिंकासुराला सगळ्या वऱ्हाडाचा कापूस चोरून आभाळाएवढी गादी शिवायची होती आणि तिच्यावर लोळत पडायचे होते. पण कापसाला हात लावला की त्याला शिंका यायच्या आणि तो पकडला जायचा. दर अंकात हेच. चोरी करण्याआधी तो आपला सगळा बेत मोठ्याने सांगून टाकायचा, तोही दर अंकात.

आणि खरी गंमत तर पुढेच आहे. दुसरा ब्लॉक करून घेण्याची छापखान्याची ऐपत नव्हती. त्यामुळे गोष्टीत काहीही घडो, चित्र माझेच. शिंकासुर हसतो आहे, माझेच तोंड. शिंकासुर मार खातो आहे, माझेच तोंड. रडतो आहे, गातो आहे, विहिरीत पडतो आहे, सगळीकडे मीच, डोळे मिटून जबडा वासलेला. पोरांना हे एवढे आवडायचे की अंक हातात पडला की ती आधी माझी तोंडे मोजायची.

मित्रांनो, ते दिवस आठवले की अजूनही माझा पत्रा तापतो. सकाळी भावसिंग रूळ फिरवून मला शाई लावायचा. मग यंत्राच्या पायट्यावर त्याचा पाय पडायचा आणि कागद माझ्या तोंडावर येऊन टेकायचा. पहिला छाप निघाला की तो उजेडात धरून भावसिंग म्हणायचा, “मारोती, पाह्य बे, मी आज लय गोरा दिसून राह्यलो.” मारोती म्हणायचा, “शाई कमी पडली, गाढवा.” मग दोघेही खिदळायचे. रूळ, पायटा आणि ते खिदळणे, माझी सकाळ यानेच व्हायची.

हळूहळू गावभर कळले की शिंकासुर म्हणजे भावसिंग. बाजारात पोरे त्याच्या मागे “आक्छी, आक्छी” करत धावायची. भावसिंग वर गेलेली मिशी पिळून त्यांच्या अंगावर धावल्यासारखे करायचा. त्याला ते आवडायचे, हे मी पैजेवर सांगतो.

१९८६ च्या उन्हाळ्यात भावसिंगच्या थोरल्या मुलीची सगाई ठरली. दुसऱ्या तांड्यावरून पाहुणे आले. मारोतीही गेला होता. भावसिंग नवा पटका बांधून व्याह्यांना पाणी द्यायला उठला, तेवढ्यात गावातला कोणी दीडशहाणा ओरडला, “शिंकासुर आला, कापूस सांभाळा रे!” पाहुणे हसले. व्याही हसला. भावसिंगने मारोतीकडे पाहिले, आणि मारोतीही हसत होता.

हे मी डोळ्यांनी पाहिलेले नाही. मारोती पुढे कितीदा तरी एकटाच बसून हे बोलायचा, त्यातून मला कळले. दुसऱ्या दिवशी भावसिंग छापखान्यात आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याने निरोप आला की तो आता शेतीच करणार आहे. मारोती दोनदा चपला घालून दारापर्यंत गेला आणि दोन्ही वेळा परत आला. मग त्याने मला रॉकेलने पुसले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि सगळ्यात खालच्या खणात ठेवून दिले. जाऊन माफी मागायचे राहिले बाजूला, त्याने माझाच बळी दिला.

त्या वेळी माझी गोष्ट अर्ध्यात होती. शिंकासुर जिनिंगमधल्या रुईच्या ढिगाऱ्यात लपला होता. बाहेर शिपाई उभे होते. शेवटची ओळ होती, “आणि शिंकासुराच्या नाकाशी रुईचे एक तूस आले. आ… आ…” त्याखाली माझे तोंड, आणि क्रमशः. पुढचा भाग कधी आलाच नाही. पोरांनी पत्रे लिहिली, संपादकांनी मारोतीच्या मिनतवाऱ्या केल्या, पण तो बधला नाही.

तुम्ही कधी शिंक अडवून पाहिली आहे का? दोन क्षणांत जीव कासावीस होतो. मी ती एकतीस वर्षे अडवली.

खणातले दिवस कसे गेले ते काय सांगू? छापखाना बंद झाला. यंत्र भंगारात गेले, खिळे वितळले, ‘चिंचोक्या’चे जुने अंक वाळवीने खाल्ले. मारोतीने ते खणांचे कपाट मात्र घरी नेले, माझ्यासकट. मला शाईचा वास हवासा वाटायचा. त्याहून जास्त हवासा वाटायचा तो पायट्यावरचा पाय. कोणी जिन्यावरून चालले तरी मला वाटे, आला भावसिंग. पण तो नसे.

मग २०१७ साल उजाडले. त्या वर्षी आपल्या यवतमाळ जिल्ह्याने काय सोसले ते तुमच्या घरच्यांना विचारा. बोंड फोडावे तर आत गुलाबी अळी. फवारणी करता करता माणसे चक्कर येऊन शेताच्या धुऱ्यावर पडली आणि कितीतरी परत घरी आली नाहीत. कापसाची उभी पऱ्हाटी लोकांनी उपटून टाकली. घरात मोठी माणसे बोलेनाशी झाली की पोरेही बोलेनाशी होतात.

मारोतीची नात उर्वशी तेव्हा चित्रकला शिकून घरी आली होती. आठवड्यातून दोन दिवस ती शाळेत चित्रे शिकवायची आणि बाकीचे दिवस पुण्याच्या एका प्रकाशकासाठी चित्रकथा काढायची. तिची नायिका होती विजा. हातातून वीज सोडणारी, उडणारी, अगदी आजच्या काळातली. प्रकाशकाने विजासाठी नवा खलनायक मागितला होता. तो भयंकर हवा, आजच्या पोरांना घाम फुटला पाहिजे, असे त्याचे म्हणणे. उर्वशीने काळ्या धुराचा, तोंडावर मुखवटा घातलेला, पाठीवर फवाऱ्याचा पंप असलेला राक्षस काढला. चित्र छान होते म्हणे. ती पाने तिने वर्गात पोरांना दाखवली.

पहिल्या बाकावरच्या अंजूने पान उलटे करून परत दिले. “मॅडम, हा नको,” ती म्हणाली. “माह्या बाबाले फवारल्यावर असंच धूर धूर दिसत होतं. आठ दिवस दवाखान्यात होते ते.”

त्या संध्याकाळी उर्वशीने ती पाने फाडली. “आबा,” ती मारोतीला म्हणाली, “पोरायले आधीच एवढं भेव आहे, त्यात मी आनखी कायले घालू? पन खलनायक तर पायजे. कापूस चोरनारा पायजे, अन् तो हारला की पोरं हासली पायजे. असा मले सापडून नाई राह्यला.”

मारोती गुडघ्यांवर हात टेकत खाली बसला आणि त्याने सगळ्यात खालचा खण ओढला. वर्तमानपत्र उलगडले. एकतीस वर्षांनी माझ्या तोंडावर उजेड पडला, आणि मला पहिल्यांदा दिसले की मारोती म्हातारा झाला आहे.

त्याने तिला सगळे सांगितले. गादी, शिंका, एकच तोंड, रुईचा ढिगारा. भावसिंगचे नाव मात्र त्याने घेतले नाही. उर्वशी इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आले. तिने मोबाईलवर माझा फोटो काढला आणि त्यावरून रात्रंदिवस बसून नवा शिंकासुर उभा केला. नव्या कथेत विजा खरी वाटे, तिची वीज खरी वाटे, मागचे डोंगर खरे वाटत, आणि त्या सगळ्यात मी. तेच मिटलेले डोळे, तोच वासलेला जबडा, प्रत्येक चौकटीत एकच तोंड. प्रकाशक फोनवर म्हणाला, “हा तर विदूषक आहे.” उर्वशी म्हणाली, “हो, विदूषकच आहे. छापायचा असेल तर असाच छापा.”

पण मित्रांनो, तिच्या हातून एक चूक झाली होती. ठशावरचे चित्र नेहमी उलटे असते. कागदावर छापले की ते सुलटे होते. हे छापखान्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असायचे, पण उर्वशीने छापखाना पाहिलाच नव्हता. तिने माझ्या पत्र्यावर जसे दिसले तसेच काढले. त्यामुळे डावा तीळ उजवीकडे गेला आणि वरची मिशी दुसऱ्या बाजूला आली. मारोतीने पाने हातात घेतली आणि त्याला ते लगेच कळले. पण त्याने पाने तशीच मिटून तिच्या हातात दिली.

ती आत गेल्यावर तो माझ्याशी बोलला. “उलटाच राहू दे,” तो म्हणाला. “उलटा असला तर कोनी वळखनार नाई त्याले. पुन्हा तरास नाई व्हायचा.”

अंक छापून आले तेव्हा उर्वशी मला पिशवीत घालून शाळेत घेऊन गेली. मला हातोहात फिरवले गेले. कोणी माझा तीळ चाचपला, कोणी माझ्यासारखा जबडा वासून दाखवला. मग उर्वशीने गोष्ट वाचायला सुरुवात केली. शिंकासुर पहिल्यांदा शिंकला आणि वर्गातून जो काही आवाज निघाला, तो ऐकायला मी एवढी वर्षे अंधारात पडून होतो. अंजू तर बाकावरून खाली घसरली. किती महिन्यांनी हसली असेल ती पोर! मी धातूचा आहे म्हणून, नाहीतर मीही रडलो असतो.

अंजूने अंक घरी नेला. पुढच्या रविवारी सकाळी मी खिडकीत ठेवलेला होतो, तेव्हा फाटकाशी ती दिसली. तिच्या मागे पांढरा पटका बांधलेला उंच म्हातारा. मिशा पांढऱ्याशुभ्र झालेल्या, पण एक अजून वरच होती.

“आजा, हे मॅडमचं घर,” अंजू म्हणाली.

“मले सांगतं का,” भावसिंग म्हणाला. “हे घर बांधलं तवा याच्या इटा मी उचलल्या.”

मारोती खुर्चीतून उठू लागला. भावसिंग दारात थांबला. “जयभीम, मारोती.”

“जय सेवालाल,” मारोतीने तांड्याच्या रीतीने उत्तर दिले.

उर्वशी पाणी घेऊन आली. तिने भावसिंगच्या तोंडाकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

भावसिंगने अंक मांडीवर उघडला आणि माझ्या चित्रावर बोट ठेवले. “हा मी व्हय ना?”

“नाई,” मारोती घाईघाईने म्हणाला. “तीळ पाह्य, उजवीकडं हाय. मिशी पाह्य. तो तू नाई, भावसिंग. कोनीच नाई तो.”

“मारोती, मी रोज सकाळी आरशात पाहून मिशी करतो. आरशातला तीळ इकडंच असते.” भावसिंगने चित्रावरून बोट फिरवले. “तू जे छापलं ते तुमाले दिसनारं तोंड. मले जे दिसते ते या पोरीनं काढलं. पान पाह्यलं अन् मले वाटलं, आरसाच पाह्यला.”

मारोतीने मान खाली घातली. “मले वाटलं, उलटा काढला तर तुले कोनी हासनार नाई.”

“हासू नको, असं मी कदी म्हनलं?”

“त्या दिवशी सगाईत मी हासलो.”

“व्हय. ते लागलं मले. आठ-पंधरा दिवस लागलं.” भावसिंगने अंक मिटला. “पन त्याच्याहून जास्त काय लागलं सांगू? पुढच्या अंकात शिंकासुर नोता. त्याच्या पुढच्यातबी नोता. मी दर पंधरा दिवसाले येस्टी स्टँडवर येऊन अंक पाहत होतो. आता शिंकीन, मंग शिंकीन. तू मले रुईत कोंडलं अन् इसरून गेला.”

“तू रुसला म्हून बंद केलं मी.”

“मी रुसलो तू घरी यावं म्हून! तांडा काय लंकेत होता? तीन कोस तर हाय.”

“मले वाटलं, तू दार लावून घेशीन.”

“तवा माह्या घराले दार कुठं होतं? बांबूचा तट्ट्या होता, तोबी मोडका,” भावसिंग म्हणाला.

मारोती हसला आणि हसता हसता रडू लागला. अंजू घाबरून आजाला बिलगली. भावसिंगने उठून मला खिडकीतून उचलले, आपल्या धोतराच्या सोग्याने पुसले आणि डोळ्यांजवळ धरून खूप वेळ पाहिले. त्याचा अंगठा माझ्या कडेवर तसाच बसला जसा पूर्वी बसायचा.

त्या दुपारी दोन म्हाताऱ्यांनी वाद घालून घालून राहिलेला भाग पुरा केला. शिंकासुर शिंकतो तेव्हा रुईचा सगळा ढिगारा उडतो आणि कापूस ज्याच्या त्याच्या घरी जाऊन पडतो, हे भावसिंगने सांगितले. उर्वशीने ते काढले. माझी राहिलेली शिंक अशी सुटली, आणि सुटल्यावर फार हलके वाटले.

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी भावसिंग यायचा. दोघे ओट्यावर बसायचे. एकतीस वर्षांत किती बोलायचे राहिले होते! भावसिंगची बायको गेली तेव्हा मारोती तिथे नव्हता. मारोतीचे डोळ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा भावसिंग नव्हता. ते दिवस आता कोण आणून देणार? मी खिडकीतून दोघांना पाहायचो आणि मला पुन्हा एकदा शाई लागावी असे फार वाटायचे. पण आता चित्रे संगणकावर होतात आणि माझे काम कोणाला पडत नाही.

एका बाजाराच्या दिवशी भावसिंग आला नाही. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. उर्वशी म्हणाली, “आबा, येतील की. पुढच्या बाजारी येतील.” मारोतीने चपला घातल्या, छत्री घेतली आणि तो फाटकाबाहेर पडला. या वेळी तो परत फिरला नाही. संध्याकाळी आला तेव्हा धुळीने माखलेला होता. भावसिंगला साधा ताप होता, एवढेच. त्यासाठी हा सहासष्ट वर्षांचा माणूस, एसटी चुकली म्हणून, तीन कोस चालत गेला होता.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असे आमच्यासारखे सगळेच सांगतात. मीही सांगतो. तुमच्या घरात असा एखादा खण असेल तर उघडून बघा, आतल्या वस्तूला पुसा आणि ती कोणाची आहे ते घरच्यांना विचारा. पण माझे फार मनावर घेऊ नका. मी जस्ताचा आहे, एकतीस वर्षे अंधारात काढूनही माझी एक रेघ पुसली नाही. माणसाचे तसे नसते. तुमच्यावर कोणी रुसले असेल तर त्याच्या घरी आजच जा.